मास्क रात्री दोनला का उतरतो?



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्यांच्या दवाखान्यात मी शिकत असताना काही महिने बसत असे. रुग्णाबरोबर बायको आली असेल तर ते तिला बाहेरच्या बाकावर बसू देत नसत. आत बोलवायचे आणि तिलाच विचारायचे, ‘‘रात्री हे कसे झोपतात?’’ रक्तदाबाचा रुग्ण असो की मधुमेहाचा, हा प्रश्न ठरलेला. झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाच्या आजाराचा साक्षीदार तो स्वतः कधीच नसतो. शेजारी झोपणारं माणूस असतं. ‘स्लीप अॅप्निया’ हे नाव आपल्याकडे रुळण्याच्या कितीतरी आधी डॉक्टरसाहेब त्या साक्षीदाराची साक्ष काढत होते.

आजचा माझा विषय मात्र निदानाचा नाही, त्याच्या पुढचा आहे. निदान होतं, झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅपचं मशीन घरी येतं, तीस-चाळीस हजार किंवा त्याहून जास्त खर्च होतो, आणि बऱ्याच घरांत महिन्याभरात ते मशीन पिशवीसकट कपाटावर जातं. ‘‘त्यांना काही ते सहन होईना हो’’ असं घरचे सांगतात. आम्ही डॉक्टरही कागदावर तेच लिहितो: रुग्णाला उपचार सहन होत नाही. या वाक्याशी माझं भांडण आहे.

आधी आजाराबद्दल थोडक्यात. घशाच्या ज्या भागातून आपण गिळतो, बोलतो आणि श्वासही घेतो, त्याला हाडाचा आधार नाही. जागेपणी स्नायू तो मार्ग उघडा धरतात. झोपेत ते सैलावतात. मान जाड असेल, खालचा जबडा मागे असेल, टॉन्सिल वाढलेले असतील, तर मार्ग मिटतो. छाती आणि पोट ओढ घेत राहतात, हवा मात्र आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, मोठा आवाज होऊन श्वास सुटतो आणि माणूस परत झोपी जातो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास बंद पडला, किंवा बराच मंदावून ऑक्सिजन उतरला, की आम्ही एक खूण करतो. तासाला पाचपेक्षा कमी खुणा असतील तर ठीक. पंधरा ते तीस म्हणजे मध्यम, तीसच्या वर तीव्र. तासाला तीस म्हणजे रात्रभर दर दोन मिनिटांनी एकदा.

हा आजार फार थोड्यांना असतो असं समजू नका. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास केला होता. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. हे पुरुष नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेले होते, झोपेची तक्रार घेऊन नव्हे. त्यांच्यात झोपेतल्या श्वासाचा बिघाड १९.५ टक्क्यांना निघाला, आणि बिघाडाबरोबर दिवसा झोप येण्याचा त्रास ७.५ टक्क्यांना. मागच्या रांगेत दोघांना आत्ताच डुलकी लागलेली मला इथून दिसते आहे. त्यांचं निदान मी करत नाही. दोष व्याख्यानाचाही असू शकतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले आणि त्यांच्या डॉक्टरांनी या आजाराचं नाव घेतलं, तेव्हा आठवडाभर आमच्याकडे फोन वाजत होते. भीतीपोटी तपासणी करून घेणारे पुष्कळ. पण भीती पहिल्या चार-पाच रात्रीच पुरते.

आता हा उपचार आला कुठून ते बघू, कारण माझ्या भांडणाची मुळं तिथे आहेत.

१९७० च्या दशकात तीव्र स्लीप अॅप्नियावर एकच हमखास इलाज होता: ट्रॅकिऑस्टॉमी. गळ्याला भोक पाडून नळी बसवायची, दिवसा बूच लावायचं, रात्री काढायचं. मिटणाऱ्या जागेच्या खालूनच श्वास घ्यायचा. इलाज अचूक आणि जगणं अवघड. डॉ. कॉलिन सुलिव्हन हे ऑस्ट्रेलियन डॉक्टर त्या सुमारास टोरांटोत इलियट फिलिप्सन यांच्याबरोबर झोपलेल्या कुत्र्यांच्या श्वासावर संशोधन करत होते. कुत्र्यांच्या तोंडावर घट्ट बसणारे मास्क त्यांना तिथे करावे लागत. सिडनीला परतल्यावर, १९८० च्या जूनमध्ये, त्यांच्याकडे एक तीव्र आजाराचा रुग्ण होता आणि त्याला गळ्याला भोक नको होतं. सुलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर घेऊन हवा ओढण्याऐवजी ढकलायला लावली, नळ्या नाकाशी बसवल्या, फटी सिलिकोनने बुजवल्या आणि माणसाला झोपवलं. श्वास अडकू लागला की दाब थोडा वाढवायचा. ठरावीक दाबाला पोहोचल्यावर अडकणं थांबलं. दाब उतरवला, पुन्हा अडकलं. पुन्हा वाढवला, पुन्हा सुरळीत. मग तो माणूस गाढ झोपून गेला. पाच रुग्णांवरचा हा अनुभव एप्रिल १९८१ च्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आज जगभर वापरात असलेल्या मशीनचं तत्त्व त्याहून वेगळं नाही.

यात ऑक्सिजनचं नळकांडं नाही, औषध नाही. खोलीतलीच हवा थोड्या दाबाने आत येते आणि घशाची भिंत मिटू देत नाही. दाब मोजतात पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये. साधारण चारपासून वीसपर्यंत. दहाचा दाब म्हणजे किती, ते घरी करून बघा. उंच पेल्यात पाणी घ्या, स्ट्रॉ दहा सेंटिमीटर आत बुडवा आणि फुंकर मारून बुडबुडे काढा. तेवढाच.

सुरुवातीच्या त्या रुग्णांचं पुढे काय झालं, हे मला फार बोलकं वाटतं. प्रत्येकाच्या नाकाचा प्लास्टरचा ठसा घेऊन त्यावरून मास्क बनवला जाई. तो रोज रात्री झटपट वाळणाऱ्या सिलिकोनने चेहऱ्याला चिकटवायचा आणि सकाळी सोलून काढायचा. मोटर खोलीभर घोंघावायची. एवढं असूनही माणसं वर्षानुवर्षं ते वापरत राहिली. आजचं मशीन उशाशी ठेवलं तर पंख्यापेक्षा कमी आवाज करतं, मास्क हलका आणि मऊ आहे, आणि तरी ते कपाटावर जातं. आधीची माणसं जास्त सोशीक होती का? मला तसं वाटत नाही. त्यांचा आजार फार तीव्र होता आणि दुसरा पर्याय गळ्याला भोक, हे खरंच. पण आणखी एक गोष्ट होती. त्यांच्या नाकाचं माप घेतलं होतं, आणि पहिल्या रात्री दाब वर-खाली करणारा माणूस शेजारी जागा होता. आपल्याकडे मशीन कुरिअरने येतं. दुकानातला मुलगा दहा मिनिटांत बटणं दाखवतो आणि वॉरंटी कार्डावर शिक्का मारून जातो.

हेच मला आज सांगायचं आहे. मास्कची सवय ही रुग्णाने दात-ओठ खाऊन एकट्याने लावून घ्यायची गोष्ट नाही. ती लावून द्यावी लागते, आणि ते काम आमचं आहे.

आपल्याकडे या कामात एक वेगळीच अडचण २०२१ पासून शिरली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत किती घरांनी वॉर्डातला बायपॅपचा मास्क पाहिला! घट्ट पट्टे, फुसफुसणारी हवा, काचेपलीकडे घरचं माणूस. त्यातली कित्येक माणसं परत आली नाहीत. अशा घरात सीपॅपचा मास्क काढला की म्हातारी आई उठून आत जाते. शेजारी विचारतात, ‘‘बायपॅपवर ठेवलंय का?’’ ही भीती तांत्रिक माहितीने जात नाही. मी अशा घरच्यांना आधी बोलावते, मास्क त्यांच्याच हातात देते, चालू मशीनची हवा तळहातावर घ्यायला लावते. लाइट गेली तर माणूस गुदमरेल का, हा प्रश्न प्रत्येक घरात असतो. नाही गुदमरत. मास्कला श्वास बाहेर सोडायची भोकं असतात, नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कला मशीन बंद पडताच उघडणारी झडपही असते, आणि बहुतेक वेळा माणूस अस्वस्थ होऊन जागा होतो. भोकं मात्र चिकटपट्टीने बंद करायची नाहीत. तसं करणारेही असतात. कारण काय, तर त्यातून येणारा वारा बायकोच्या तोंडावर येतो.

आता दोन वाजण्याकडे येऊ. मशीनमध्ये रात्रीची नोंद राहते. ती उघडली की एकच चित्र पुन्हा पुन्हा दिसतं: साडेदहाला चालू, दोनच्या आसपास बंद, पुढे काही नाही. रुग्ण म्हणतो, ‘‘मी तर रोज लावतो.’’ तो खोटं बोलत नाही. लावतो हे खरंच आहे; कधी काढला ते त्याला ठाऊक नसतं. दोनला मास्क उतरण्याची कारणं शोधली की निम्मं काम होतं.

पहिलं कारण लघवीला उठणं. हा आजारच रात्री लघवीला उठवतो. माणूस अर्धवट झोपेत मास्क काढतो, जाऊन येतो आणि तसाच आडवा होतो. त्यावर उपाय अगदी साधा आहे, पण तो कुणी सांगत नाही: मास्क काढायचाच नाही. पुढची नळी तेवढी सोडवायची, मास्क तोंडावर ठेवून जाऊन यायचं आणि नळी परत जोडायची. बहुतेक मास्कना अशी सुटणारी जोड असते. एका आजोबांना त्या अवतारात बाथरूममधून येताना पाहून नातू म्हणाला, ‘‘गणपतीची सोंड पडली!’’ तेव्हापासून नळी जोडून द्यायचं काम नातवाने स्वतःकडे घेतलं आहे, अर्थात तो जागा असला तर.

दुसरं कारण लीक, म्हणजे कडेने निसटणारी हवा. इथे मी जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त मशीनं या एका गोष्टीने कपाटावर गेली आहेत. एक निवृत्त शिक्षक आले. भरघोस मिशा, गालांवर पट्ट्यांचे लाल वळ, डोळे सकाळपासून चुरचुरत असलेले. हवा निसटते म्हणून त्यांनी रोज पट्टे थोडे थोडे आवळले होते. जितके आवळले तितकी गळती वाढली. आमच्या तंत्रज्ञाने त्यांना आधी कॉटवर आडवं केलं, घरच्यासारखीच उशी दिली. बसलेल्या माणसाचं माप आडव्या माणसाला लागत नाही. आडवं झालं की गालांची ठेवणच बदलते. मग त्यांचा अकराचा दाब चालू केला, सगळे पट्टे पार सैल सोडले आणि मास्क दोन बोटांनी चेहऱ्यापासून किंचित उचलला. कुशन हवेने फुगलं. ते फुगलेलं कुशन हळूच चेहऱ्यावर टेकवलं आणि पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे, फक्त फुसफुस थांबेपर्यंत, ओढले. पट्ट्याखाली बोट सहज जात होतं. पडद्यावरचा गळतीचा आकडा खाली आला. कुशनचा पातळ पडदा हवेने फुगून चेहऱ्याला चिकटतो, अशीच त्याची रचना असते. आवळून तो चेपला की त्याचं कामच संपतं.

मिशांचा प्रश्न उरला. त्यांना दिलेला मास्क नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा होता. तो का दिला? दुकानात तोच शिल्लक होता. नाक मोकळं, तोंडाने श्वास घेण्याची सवय नाही. अशा माणसाला नाकपुड्यांत टेकणारी लहान उशी पुरते. मिशा खाली राहतात, चष्मा लावून वाचता येतं. नाक चोंदत असेल तर आधी नाकावर उपचार करायचा, तोंड उघडं पडत असेल तर मोठा मास्क घ्यायचा. चेहरा बघून मास्क निवडायचा हे चपला विकणाऱ्यालाही कळतं, पण हजारोंचं मशीन विकताना विसरलं जातं.

आणखी बारीकसारीक गोष्टी आहेत. रात्री डोक्याला खोबरेल तेल चोपडलं की कुशन घसरतं. ज्यांना तेलाशिवाय झोप येत नाही त्यांनी ते सकाळी लावावं. कुशन रोज सकाळी साध्या साबणाने धुवावं. हवेला ओलावा देणाऱ्या ह्युमिडिफायरमध्ये बोअरचं पाणी घातलं तर आठवड्यात क्षारांचा पांढरा थर दिसतो. डिस्टिल्ड वॉटर घालावं, उरलेलं रोज ओतून टाकावं. थंडीच्या रात्री किंवा एसी चालू असताना नळीत पाणी साचून गुळगुळ होते; नळी पांघरुणात घेतली तर ती थांबते. आपल्याकडच्या धुळीत फिल्टर लवकर काळा होतो, पुस्तिकेतल्या मुदतीची वाट बघू नये.

मास्क लावला की कोंडल्यासारखं होतं, हे तिसरं कारण, आणि ते खरं असतं. त्यासाठी रात्र वापरायची नाही. दुपारी बातम्या बघताना मशीनशिवाय नुसता मास्क हाताने धरायचा, पाच मिनिटं. मग पट्टे लावून. मग हवा चालू करून. मग तसंच वामकुक्षीला. ज्यांना पुणेरी वामकुक्षीचा अभिमान आहे त्यांना हे विशेष जमतं. मशीनमध्ये कमी दाबाने सुरुवात करून हळूहळू चढणारी सोय असते. तिला रॅम्प म्हणतात. श्वास सोडताना दाब थोडा उतरावा अशीही सोय असते. दोन्ही कित्येकदा बंदच राहिलेल्या असतात, कारण त्या चालू करायला कुणी सांगितलेलं नसतं. पोटात हवा जाऊन सकाळी पोट फुगत असेल तर दाब तपासून घ्यायचा. ‘‘गॅसेस आहेत’’ म्हणून ओवा खात बसायचं नाही.

दोन वाजता मास्क उतरण्याचं नुकसान कशात आहे? स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते. त्या झोपेत घशाचे स्नायू सर्वांत जास्त सैल असतात आणि बहुतेकांचे श्वास तेव्हाच जास्त वेळ अडकतात. म्हणजे रात्रीचा पहिला, सोपा भाग मशीनवर जातो आणि अवघड भाग उघड्यावर.

तासांच्या हिशेबाबद्दल एक जुना अभ्यास सांगते. १९९३ साली अमेरिकेत काही रुग्णांच्या मशीनमध्ये त्यांना न सांगता मीटर बसवलं होतं. बहुतेकांनी रोज वापरतो असं सांगितलं होतं. सत्तर टक्के रात्री किमान चार तास, एवढं निम्म्यांनाही जमलं नव्हतं. हे ‘चार तास’ पुढे विमा कंपन्यांनी पासाची रेघ म्हणून उचलले. मला ती रेघ पटत नाही. चार तास झोपून कुणी ताजंतवानं उठत नाही, मग चार तास मास्क पुरेसा कसा? दुसरी एक गोष्ट पुढच्या अभ्यासांत दिसली: वापराची घडी पहिल्या आठवड्यातच बसते किंवा बिघडते. म्हणून मी पहिली भेट महिन्याने ठेवत नाही. तिसऱ्या दिवशी फोन, आठव्या दिवशी मशीन घेऊन दवाखान्यात.

इथे प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. सीपॅप लावला की हार्ट अटॅक टळतो, असं जे ठणकावून सांगितलं जातं त्याला भक्कम आधार नाही. आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २,७१७ रुग्णांवर भारतासह सात देशांत मोठी चाचणी झाली. निष्कर्ष २०१६ साली आले. हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांमुळे येणारे मृत्यू मशीनमुळे कमी झाले नाहीत. घोरणं, दिवसाची पेंग, मनाची उदासी, कामावर न जाता येणं, यांत मात्र फरक पडला. त्या चाचणीत सरासरी वापर रात्री ३.३ तासांचा होता, त्यामुळे पूर्ण रात्र वापरली असती तर काय झालं असतं, हा वाद चालू आहे. मी रुग्णाला हृदयाची धमकी देत नाही. गाडी चालवताना डोळा लागतो का, दुपारी फाइल वाचताना ओळी पुसट होतात का, एवढंच विचारते. रात्रीचे ट्रक चालवणारे एक गृहस्थ माझ्याकडे येतात. त्यांचं मशीन केबिनमागच्या बर्थवर बॅटरीला जोडलेलं असतं. घाटात त्यांना आता चहासाठी थांबावं लागत नाही. चहा प्यावासा वाटला तरच ते थांबतात.

बायकांबद्दल वेगळं बोलायलाच हवं. पुरुष घोरला तर घरात विनोद होतो. बाई घोरते हे कुणी बाहेर सांगत नाही. तिची तक्रारही वेगळी असते: सकाळी डोकं जड, दिवसभर थकवा, रात्री झोप लागत नाही. ती थायरॉइड तपासते, लोहाच्या गोळ्या खाते, झोपेची गोळी घेते. पाळी गेल्यानंतर हा आजार बायकांत बराच वाढतो. आणि तिच्या झोपेची साक्ष द्यायला नवऱ्याला बोलावलं, तर तो म्हणतो, ‘‘मला काय माहीत, मी झोपलेला असतो.’’ मशीन आल्यावरही तीच अडचण. सगळ्यांच्या आधी उठून दूध घ्यायचं, डबे करायचे, मध्ये कुणी हाक मारली तर उठायचं. तिच्या मास्कचे तास घरच्यांच्या हाका ठरवतात. माझ्याकडच्या स्त्रियांच्या नोंदींत मास्क दोनला उतरत नाही. तो पाचला उतरतो.

लोक विचारतात, दुसरं काही नाही का? आहे. वजन उतरवणं सगळ्यांत चांगलं आणि सगळ्यांत संथ. कुशीवर झोपणं काहींना पुरतं. सौम्य आजारात खालचा जबडा पुढे धरणारं दंतवैद्यांचं साधन उपयोगी पडतं. टिर्झेपाटाइड या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणाबरोबरच्या मध्यम आणि तीव्र स्लीप अॅप्नियासाठी मान्यता मिळाली, त्यामुळे पुढच्या काही वर्षांत चित्र बदलू शकतं. पण आज ज्यांचा तासाच्या खुणांचा आकडा तीसच्या वर आहे, त्यांनी इंजेक्शनची वाट बघत मास्क टाळू नये. रात्री झोपण्यापूर्वीची दारू मात्र आजच सोडता येते. ती घसा आणखी सैल करते.

माझा वेळ संपत आला आहे. ज्यांच्या घरी मशीन कपाटावर आहे त्यांनी ते उद्या खाली काढावं, फिल्टर बघावा, आणि जिथून घेतलं तिथे फोन करून ‘मला आडवं करून, दाब चालू ठेवून मास्क बसवून द्या’ असं स्पष्ट सांगावं. ते नकार देऊ लागले तर आमच्याकडे या. आमचे तंत्रज्ञ आत्ता खाली पायऱ्यांपाशी तीन तऱ्हेचे मास्क आणि एक सतरंजी घेऊन बसले आहेत. प्रश्नोत्तरांनंतर ज्यांना करून बघायचं आहे त्यांनी तिथे आडवं व्हावं, लाजू नये. मिशावाल्यांनी आधी यावं, त्यांना वेळ जास्त लागतो.